मास्तरांचा डावा डोळा

"डोळा चुकलाय," ती म्हणाली.

मी शिडीवर चढून सातव्या चित्राचा खिळा ठोकत होतो. दोन खिळे ओठांत धरलेले, त्यामुळे तोंडावर आलेली शिवी आत राहिली. खाली बघितलं तर चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी. चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात आमच्या प्रदर्शनाचं निमंत्रण. ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या सातव्या चित्राकडे बघत होती, मग निमंत्रणावर छापलेल्या त्याच चित्राकडे, मग पुन्हा भिंतीकडे. दुकानात कापड घेताना माणूस नमुना आणि ठाण पडताळतो तसं. मी खिळे काढून विचारलं, कुठला डोळा. "बाबांचा," ती म्हणाली, "बिघडलेला डोळा डावा. तुम्ही उजवा बिघडवलात." तेव्हा ओळख पटली. मास्तरांची मुलगी. मी मास्तरांच्या नावं रंगवायच्या दुकानात कामाला होतो तेव्हा ही शाळेत जायची. आता ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून ही बोळक्यांना दात बसवून देते. म्हणजे तोंडाच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त अधिकाराची. तिनं ते लगेच बोलूनही दाखवलं. "दादा, माझा धंदा डाव्या-उजव्याचा आहे. डावी दाढ उजवीकडे बसवली तर माणूस उपाशी मरेल." मी म्हटलं, हे अर्कचित्र आहे, फोटो नव्हे. ती म्हणाली, "ते कळतंय मला. नाक केवढं केलंय ते दिसतंय. त्याचं काही नाही, नाक मोठंच आहे त्यांचं. पण ब्रश बघा. ब्रश तुम्ही त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात दिलाय. त्या कोपऱ्यातून चहा गळतो त्यांचा. तिथं ब्रश टिकेल?" मी म्हटलं, मी चार वर्षं त्यांच्याजवळ बसलोय. ती म्हणाली, "मी चव्वेचाळीस वर्षं समोर बसून जेवतेय."

मी शिडीवरून उतरलो. हातोडी कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून हातातच धरून उभा राहिलो, आणि तिला वाटलं असणार हा आता मारतोय की काय, कारण ती एक पाऊल मागे सरकली. मग म्हणाली, "बाबांनी निमंत्रण बघितलेलं नाही अजून. मी लपवलंय. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

नऊ चित्रं आहेत. ज्यांच्यामुळे मी चित्रं काढायला लागलो त्या नऊ माणसांची तोंडं. दालनाच्या चालकानं प्रदर्शनाला 'ऋण' असं नाव सुचवलं होतं, ते मी हाणून पाडलं. मी कुणाचं काही देणं लागत नाही. या नवांपैकी एकानंही मला जवळ घेऊन, बाळा असं काढ, असं शिकवलेलं नाही. चित्रकलेच्या शाळेची पायरी मी चढलो नाही, तिथे चढलेल्यांनी मला पुढे तीस वर्षं पायरीवरच उभं ठेवलं, ते सोडा. माझ्या मावशीचं चित्र आहे. ती पाहुणा दाराबाहेर पडला की त्याची नक्कल करायची. चपला पायांत सरकवण्याची त्याची लकब, मान, बोलताना मध्येच गिळलेला शब्द, सगळं. नक्कल संपली की म्हणायची, 'बिचारा चांगला आहे हं पण.' अर्कचित्र म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकलो, पुस्तकं नंतर वाचली. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आहेत. त्यांनी माझ्या वहीवर लाल शाईत 'माणसं अशी नसतात' असं लिहिलं होतं. वर्तमानपत्रातला मुद्रितशोधक आहे, जो माझं प्रत्येक चित्र उलटं धरून बघायचा आणि 'चूक नाही' म्हणून पुढे पाठवायचा. प्रत्येक चेहऱ्याला एक कडी असते. ती सापडली की सबंध चेहरा तिला धरून उचलता येतो. मावशीची कडी म्हणजे तिचं कोपर, बाईंची त्यांची हनुवटी. मास्तरांची कडी डोळा. तरुणपणीच तोंडावरून वारं गेल्यामुळे त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली होती. त्या बाजूचा डोळा मिटायचा नाही. मी तो जेवणाच्या ताटाएवढा काढलाय. बाकी सगळा चेहरा त्या डोळ्याला लोंबकळतोय. तो बघणाऱ्याला धरून ठेवतो, जागचं हलू देत नाही. नऊ चित्रांत सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त दिवस खाल्लेलं, आणि मला विचाराल तर आयुष्यात काढलेलं सगळ्यात बरं चित्र. आणि त्यात डोळा चुकलाय.

दालनाचा चालक मागच्या खोलीतून आला. तो सगळं ऐकत होता, ऐकणं हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. "काही हरकत नाही," तो म्हणाला. "उलट छानच. आपण माहितीपत्रकात एक ओळ टाकू. स्मृतीचा जाणीवपूर्वक विपर्यास. लोकांना आवडतं असलं." मी म्हटलं, जाणीवपूर्वक नाही, गाढवपणानं झालंय. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मग म्हणाला, "ते नको असेल तर दुसरा उपाय. संगणकावर उलटं करून छापून घेऊ. बोट लावलं की डावं उजवं होतं. मूळ चित्र आत ठेवू, प्रत बाहेर लावू. कुणाला कळणारे?" मास्तरांची मुलगी म्हणाली, "मला." तो म्हणाला, "हो, पण तुम्हाला हवंय तसंच होईल ना ते." मी चित्र उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि शनिवारपर्यंत आणून देतो म्हणून निघालो. शनिवारी उद्घाटन. आज मंगळवार.

रस्त्यानं चालताना चित्र काखेत धरलं होतं आणि त्याची कड बरगडीला टोचत होती. चुका मी पुष्कळ केल्यात. एकदा एका पुढाऱ्याला सहा बोटं काढली होती आणि ती तशीच छापून आली, त्यानं स्वतः फोन करून आभार मानले. त्या चुकांनी काही होत नाही. ही वेगळी होती. कारण मास्तर मला एक वाक्य बोलले होते, आणि ते मी चौतीस वर्षं बाळगलंय. वर्तमानपत्रात नोकरी लागली त्या दिवशी मी दुकान सोडतोय हे सांगायला गेलो. त्यांचं काढलेलं एक चित्र बरोबर नेलं होतं. लपूनछपून काढलेल्या कित्येकांतलं सगळ्यात जमलेलं. त्यांनी ते हातात घेतलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हात आहे. डोळा नाही." आणि स्टूल फिरवून पाठ करून कामाला लागले. बस. चार वर्षांनंतर एवढंच. त्यानंतर मी हजारो तोंडं काढली. गायक, खेळाडू, न्यायाधीश, खुनी. प्रत्येक वेळी शेवटची रेघ मारून झाली की ते वाक्य येऊन शेजारी बसायचं. मग मी एखादी रेघ अजून मारायचो, अजून जरा क्रूर. लोक म्हणायचे, याच्या रेघेला दात आहेत. ते दात कुणाला चावायला उगवले होते ते लोकांना माहीत नव्हतं. हे प्रदर्शनसुद्धा, खरं सांगायचं तर, नऊ जणांचं नाहीच. आठ जण नुसते सोबतीला बोलावलेत. मास्तरांना दाखवायचं होतं, डोळा आहे. आणि आता त्यांच्याच चेहऱ्यावर त्यांचाच डोळा मी चुकीच्या बाजूला लावून ठेवला होता, पाचशे निमंत्रणांवर छापला होता. त्यांचं म्हणणं मी स्वतःच्या हातानं, ताटाएवढ्या आकारात, सिद्ध केलं होतं.

पण असं झालं कसं? मी काही अंदाजानं काढलेलं नव्हतं. डोळे मिटले की मला ते तसेच दिसतात. मास्तरांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली एक फट. ते काचेवर नावं रंगवायचे. दवाखान्यांच्या दारावर, दुकानांच्या खिडक्यांवर असतात तशी. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवायची, म्हणजे पावसापाण्यानं, पुसण्यानं अक्षर जात नाही. पण मागून रंगवायचं म्हणजे सगळं उलटं लिहायचं. मास्तर उलटं असं झरझर लिहायचे की सुलटं लिहिताना अडखळायचे, वाण्याच्या वहीवर सही करतानासुद्धा दोनदा विचार करायचे. काच समोरच्या भिंतीला टेकवलेली, ते तिच्याकडे तोंड करून स्टुलावर. दुकान इतकं अरुंद की माझं टेबल त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या भिंतीला. आमची पाठीला पाठ. मी दिवसभर टेबलावर कागदाचे साचे कापायचो, रेघा आखायचो. रेघ सरळ येत नसे म्हणून फूटपट्टी हातातून सुटत नसे, म्हणून मास्तरांनी मला नावच ठेवलं होतं, पट्टी. "पट्टी, चहा सांग." "पट्टी, आज आंघोळ केलीस का?" आणि माझ्या टेबलाच्या वर, माझ्या तोंडासमोर, भिंतीवर एक मोठा आरसा. तो माझ्यासाठी नव्हता. मास्तर अक्षरं लिहून झाली की स्टूल फिरवायचे आणि माझ्या डोक्यावरून त्या आरशात बघायचे. आरशात अक्षरं सुलटी व्हायची. पोट कुठे फुगलंय, काना कुठे कललाय, सगळं आरशात कळायचं. अक्षरांकडे बघता बघता ते मला बघायचे, आणि बोलायचे ते आरशातल्या मला. मी उत्तर द्यायचो आरशातल्या त्यांना. चार वर्षं आमचं सगळं बोलणं, शिकवणं, शिव्या, हवापाण्याच्या गप्पा, सगळं आरशातून. आरशात अक्षरं सुलटी व्हायची आणि माणूस उलटा, हे मला रस्त्याच्या मध्यभागी उभं राहिल्यावर कळलं. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. मी बाजूला झालो.

साधी गोष्ट. लहान पोरालाही कळेल अशी. मला चौतीस वर्षं लागली. आता कुणी म्हणेल, चार वर्षांत तू त्या माणसाला समोरून कधीच बघितलं नाहीस? बघितलं की. येताना, जाताना, चहाच्या टपरीवर. पण ते बघणं नव्हे. समोर आले की मी खाली बघायचो. त्यांच्या चेहऱ्याची ती बाजू लोंबायची, ओठाच्या कोपऱ्यातून चहाचा थेंब यायचा आणि ते खिशातला रंगाचा फडका काढून पुसायचे. मी त्या वेळी कपात बघायचो. सभ्यपणा म्हणून. सभ्यपणा कसला, शिसारी यायची आणि शिसारी आल्याची लाज वाटायची. आरशात मात्र बघता यायचं. आरशात बघणाऱ्याला कुणी, काय रे काय बघतोस, असं विचारत नाही. आरशातल्या माणसाची शिसारी येत नाही, तो चित्रासारखा असतो. तेव्हा मी आरशातून चोरून त्यांना काढायचो, साच्यांच्या चुकलेल्या कागदांच्या पाठीवर. त्यातही आरसा जुना, उजवीकडचा पारा उडालेला, काळे ढग आलेले. त्यामुळे चेहऱ्याचा डावीकडचा अर्धा भाग दिसायचा, उरलेला ढगात. दिसणाऱ्या भागात तो डोळा. दुपारी मास्तर स्टूल फिरवून काचेशेजारच्या खांबाला पाठ टेकवून बसायचे, तोंड आरशाकडे, म्हणजे माझ्याकडे. बोलायचे नाहीत. नुसता तो डोळा आरशात माझ्या डोक्यावर. सकाळची अक्षरं वाळताना ते निरखायचे आणि त्याबरोबर माझा हात निरखायचे. त्या तासाला मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. पट्टी बाजूला ठेवायची माझी छाती होत नसे सकाळभर, पण दुपारी ठेवायचो, त्यांना दाखवायला. रेघ मारायची, वर आरशात बघायचं. डोळा तसाच, उघडा, हलत नाही. म्हणजे पसंत नाही. पुन्हा मारायची. एकदाही तो डोळा मला हो म्हणाला नाही. सरळ रेघ मी त्या तासात शिकलो. पुढे जे काही शिकलो ते त्या रेघेवर उभं आहे. चित्रात त्या डोळ्याला ताटाएवढा काढताना मला हेच म्हणायचं होतं, हा बघा, हा कधीच हो म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्र कपाटाच्या आरशासमोर धरलं. बघू तरी, मास्तरांची मुलगी समोर बसून जेवते तो माणूस कसा दिसतो. आरशात एक अनोळखी इसम होता. नाक तेच, कानांतले केस तेच, ताटाएवढा डोळा तोच, पण पलीकडे गेलेला, आणि त्या एका गोष्टीनं सगळा चेहराच दुसऱ्या कुणाचा तरी झालेला. एखाद्या कार्यालयात खिडकीमागे बसलेला, आपण रोज ज्याच्यासमोर रांग लावतो आणि घरी आल्यावर आठवत नाही, तसा. बायको टॉवेल घेऊन चालली होती, ती थबकली. हे चित्र सहा महिने आमच्या जेवणाच्या टेबलासमोर होतं, तिनं त्याच्याकडे बघत शेकडो घास खाल्लेत. आरशात बघून म्हणाली, "हा कोण नवीन?" मी म्हटलं, मास्तर. "हॅ," ती म्हणाली, "ते असे कुठे?" मग मी काय झालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, केस पुसत. म्हणाली, "मग जा आणि दाखव त्यांना. जिवंत आहेत ना?" मी म्हटलं, चौऱ्याऐंशीचे आहेत. "मग तर लगेच जा," ती म्हणाली. "आणि एक सांगू? तू त्यांना घाबरतोस. छप्पन्न वर्षांचा घोडा झालास तरी." मी म्हटलं, मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. ती म्हणाली, "बापाला नाहीच. मास्तरांना." आणि टॉवेल वाळत घालायला गेली.

दुपारी दीडच्या सुमाराला गेलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, जिन्यात फिनेलचा वास. दार मुलीनं उघडलं. पुढच्या खोलीतच तिचं कवळ्यांचं टेबल, त्यावर गुलाबी मेणाचे पाच-सहा जबडे वाळत ठेवलेले, सगळे आ वासून. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. किती बारीक झाले होते. माझ्या वेळी खांद्यांमुळे दुकान भरून जायचं, आता खुर्चीतच जागा शिल्लक होती. मी सवयीनं खाली बघितलं. त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे होते, एक तपकिरी, एक निळा. "कोण?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टी आलाय." "पट्टी! अरे, तू मेला नाहीस अजून?" मी म्हटलं, तुमच्या आधी कसा मरेन, मास्तर, रांग मोडायची सवय नाही मला. ते हसले. हसण्याचा आवाज तोच, अर्ध्या तोंडातून निघणारा, फुग्यातून हवा सुटल्यासारखा. मी कागद सोडून चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं. मी जबड्यांकडे बघत राहिलो. चौतीस वर्षांपूर्वी असाच उभा होतो, फक्त तेव्हा कौतुक होईल अशी खातरी होती.

"हां," मास्तर म्हणाले. "हा मीच."

"बाबा," मुलगी म्हणाली, "नीट बघा. डोळा कुठल्या बाजूला आलाय?"

"जिथे आहे तिथे. रोज दाढी करताना हाच असतो की समोर. हे केस बघ कानातले. हे पण बघितलेत हरामखोरानं."

"अहो, तो आरशातला. समोरून तुम्ही असे नाही दिसत."

"तुला नसेन दिसत. मी मला समोरून कधी बघितलंय?" मग माझ्याकडे वळून, "काय रे, दुकानातल्या आरशातून काढलंस ना? उजवीकडचे ढग नाही काढलेस?" मी म्हटलं, हो, आरशातून. आणि ढग राहिले. "काचेवर काढायचं होतंस गाढवा. एका बाजूनं हिचा बाप दिसला असता, दुसऱ्या बाजूनं मी. चार वर्षं काचेच्या दुकानात घालवली आणि जन्मभर कागदावर बसलास, त्याचं हे फळ." मुलगी कपाळाला हात लावून हसायला लागली. मलाही हसू आलं असतं, पण मी ज्यासाठी आलो होतो ते अजून राहिलं होतं. मी विचारून टाकलं. मास्तर, मी दुकान सोडलं त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, हात आहे, डोळा नाही. ते यामुळे का? तेव्हाही बाजू उलटी होती म्हणून?

ते आठवू लागले. प्रामाणिकपणे आठवत होते, ते दिसत होतं. "असं म्हणालो मी?" म्हणाले. "कधी?" मी म्हटलं, शेवटच्या दिवशी. मी चित्र दाखवलं होतं. "चित्र आठवत नाही. तू गेलास ते आठवतं. मोठ्या दवाखान्याची सोळा दारं रंगवायची होती आणि तू गेलास." मग म्हणाले, "रागात म्हणालो असेन. हाताशी आलेला माणूस निघून चालला होता. मग काय, शाब्बास म्हणू?" मी म्हटलं, एवढंच? "अजून काय पाहिजे?" ते म्हणाले. "मी रागात हिच्या आईला तर रोज काही ना काही म्हणायचो. तिनं कधी धरून ठेवलं नाही." मुलगी मेणाचा जबडा उचलता उचलता म्हणाली, "धरून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही एवढंच."

खोलीत एकदम जागा झाल्यासारखं वाटलं. हलकं नव्हे. दात काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, तसं. चौतीस वर्षं ज्या वाक्याशी मी भांडत होतो त्या वाक्याला मालकच नव्हता. कुणावर चिडायचं? सोळा दारांवर? मास्तरांनी चित्र माझ्याकडे परत दिलं. म्हणाले, "टांग हे. चांगलंय. आणि हिला हवा तो बाप हवा असेल तर बस समोर आणि काढ. मी कुठे जात नाहीये." आणि खुर्चीच्या पाठीला मान टेकवली.

मी तिच्या टेबलाखालचं स्टूल ओढलं. मास्तरांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, तोंडाला तोंड. एवढ्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. चहाच्या टपरीवरही नाही. पेन्सिल होती, चित्र ज्यात गुंडाळलं होतं तो कागद होता, त्याची कोरी कड. आधी नाक काढलं, नाक दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. मग हात डोळ्यासाठी आपसूक कागदाच्या डावीकडे गेला. थांबवला. वर बघितलं. खाली नाही बघितलं, मोज्यांकडे नाही, वर बघितलं. ढिल्या पडलेल्या बाजूची कातडी ओघळून जबड्याखाली जमली होती. खालची पापणी बाहेर वळलेली, आतली ओली गुलाबी कड दिसत होती, या बाईच्या मेणासारखी. त्यात पाणी साचलं होतं. शिसारी आली. येऊ दिली. थोड्या वेळानं ती आपोआप ओसरली आणि नुसता डोळा राहिला, तपकिरी, म्हाताऱ्या माणसाचा. तो माझ्याकडे बघत होता. जसा बघायचा तसाच, न हलता, हो न म्हणता. माझी पाठ ताठ झाली. कागदाखाली धरायला फळी नव्हती, मांडीवर ठेवून रेघ मारली. ती वाकडी आली. पुन्हा वर बघितलं. डोळा तसाच. मी म्हटलं, मास्तर, चुकली ती रेघ, पुन्हा मारतो.

"दादा, हळू बोला," मुलगी मागून म्हणाली. "झोपलेत ते."

मी म्हटलं, डोळा उघडा आहे.

"तो असाच. झोपेत मिटत नाही. दुसरा बघा ना." दुसरा मिटलेला होता. गच्च, शहाण्या मुलासारखा. आरशात त्या जागी ढग असायचे. "दोन ते तीन झोपतात रोज," ती सांगत होती, जबड्यात दाढ बसवता बसवता, तिच्यासाठी यात काही विशेष नव्हतं. "दुकान होतं तेव्हापासून. आई म्हणायची, बरं आहे, गिऱ्हाइकाला वाटतं मालक जागा आहे."

दोन ते तीन.

मी पेन्सिल धरून बसून राहिलो. हसू फुटलं ते मी नाकानं दाबलं, तर नाकातून विचित्र आवाज आला आणि तिनं वळून बघितलं. मग राग आला, चांगला सणसणीत, पण तोही कुठे जाऊन बसणार, समोर एक म्हातारा झोपला होता, एक मोजा तपकिरी, एक निळा. चार वर्षं, रोज दुपारी, एका झोपलेल्या माणसाला घाबरून मी सरळ रेघ मारायला शिकलो. त्याला पसंत पडावं म्हणून पुन्हा मारली, पुन्हा मारली, हजारदा मारली, आणि तो झोपला होता. त्या डोळ्यानं मला नाही म्हटलंच नव्हतं. त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. त्याला नुसतं मिटता येत नव्हतं.

मी हात त्याच्यासमोर धरून हलवला. पापणी लवली नाही. पाणी भरून आलं आणि गालावर ओघळायला लागलं. खुर्चीच्या हातावर त्यांचा फडका होता, जुना, धुवून धुवून विरलेला, कडेला अजून निळ्या रंगाचा डाग. मी तो घेतला आणि ते पाणी टिपलं. मास्तर जागे झाले नाहीत. फडका होता तिथे ठेवला. भिंतीवर सातव्या खिळ्याच्या शेजारी या नव्या चित्रासाठी अजून एक खिळा ठोकावा लागणार होता, आणि दालनाच्या चालकाला माहितीपत्रकात ती विपर्यासाची ओळ टाकू नको म्हणून सांगायचं होतं.

मग कागद सरळ केला आणि उजव्या बाजूला डोळा काढला. होता तेवढाच काढला.